धुतलेला सदरा

नुएवा कोर्वा, अर्जेंटिना
४ फेब्रुवारी १९८७

ती. फिलोमेनाताईस,
धाकट्या चेलेस्तीनोचा शि. सा. न. वि. वि.

ताई, अठ्ठावन्न वर्षं होत आली, पण तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. दुपारी जरा डोळा लागला की येतो. संत व्हितोची मूर्ती चौकातल्या दगडांवर आदळल्याचा आवाज. आतून पोकळ लाकूड ते, रिकाम्या पेटाऱ्यासारखं वाजलं. मिरवणुकीत पुढचा उजवा दांडा कुणी खांद्यावर घ्यायचा, आपण कोलारुस्सोंनी की समोरच्या लापेन्नांनी, एवढाच तर वाद होता. नुंझिओ लापेन्नाच्या हातात दांड्याची पाचर ठोकायचा हातोडा होता. एकच घाव, कानाच्या वर. रोक्कोदादाचा पांढरा सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत लाल झाला, तरी त्यानं दांडा सोडला नाही. गुडघ्यांनीच त्याला सोडलं. मग मूर्ती पडली. मी अठरा वर्षांचा होतो, मागच्या दांड्याला.

तू म्हणशील, चांगली बातमी द्यायची सोडून हा हे काय उगाळत बसलाय. बातमी चांगलीच आहे. आपली दोन्ही गावं आता कागदोपत्री जुळी होणार! शंभर वर्षांपूर्वी तिथून दगड फोडायला आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी इथे हे नवं कोर्वा वसवलं, त्याचा मान म्हणून दोन नगरपालिका भगिनी-गावांचा करार करणार आहेत. सह्या तिकडे, पिएत्राकोर्वात, १५ जूनला, आपल्या संताच्या दिवशीच. इथून अकरा जण येताहेत. मला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. हृदय म्हणे जुनं झालंय. जुनं झालंय म्हणून तर जायचं होतं.

मी नाही, पण माझी कविता येणार आहे. चौकात वाचणार आहेत. तिसरीतले गुरुजी मात्रा चुकली की पट्टी मारायचे. अजून ओळ लिहिली की माझी बोटं आपोआप मोजायला लागतात. दोन ओळी तुला आधीच कळवतो:

एक डोंगर, दोन उतार. एक बोली, दोन घरं,
मधे खाऱ्या पाण्याचं रान, वाहतं मात्र एकच वारं.

आता एक विनंती. पाहुण्यांना घराघरांत उतरवणार आहेत. माझा जिवलग शेजारी अंतोनिओ पेन्या याला तू ठेवून घे. वय ऐंशी, डाव्या पायानं लंगडा, खातो कमी, घोरतो फार, आणि पत्त्यांत उघड उघड लबाडी करतो. माझ्या जागी तो आला असं समज.

तुझी माया एवढी दूर येऊनही आटली नाही, ती तशीच पाठवत राहा.
तुझा
चेलेस्तीनो


पिएत्राकोर्वा
१ मार्च १९८७

चि. चेलेस्तीनो यास,
फिलोमेनाताईचे अ. उ. आ.

कविता पोचली. वारं एकच असेल तर तुझ्याकडे अंगाची लाही होत असताना माझ्या नळातलं पाणी का गोठलंय, ते गुरुजींना विचारून कळव.

गावाला तुमच्या येण्याचं वेड लागलंय. नगराध्यक्षांनी चौक रंगवायला काढलाय. बँडवाले तुमचं राष्ट्रगीत बसवताहेत. काल मी ते ऐकून कुणाची प्रेतयात्रा म्हणून खिडकीत आले. माझे गुडघे, दात, बकरी, तिन्ही आहेत तसेच. मुलगा आणि सून अजून जर्मनीतच, त्यामुळे नातू साव्हेरिओ माझ्या गळ्यात. चोवीस वर्षांचा झाला, खाणीचा ट्रक चालवतो, तोंड थेट रोक्कोचं. डोकं मात्र कुणाचं घेतलंय देव जाणे. जानेवारीत लापेन्नांच्या एका पोरानं ट्रक आडवा लावला म्हणून यानं त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. वर मला सांगतो, आजी, मी फक्त ढकललं. समोरच्या घरात नुंझिओचा थोरला भाऊ बियाजिओ एकटाच असतो, दिवसभर उंबऱ्यात बसून. त्याचं आमचं बोलणं नाही. का, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही.

तुझ्या मित्राला खुशाल पाठव. मागच्या खोलीत त्याला घोरू दे. फक्त तो कुठल्या घरातला ते कळव, कारण पेन्या आडनावाचं कुणी आपल्या गावातून गेल्याचं मला आठवत नाही.

आणि त्या मिरवणुकीचं आता मनाला लावून घेऊ नकोस. नुंझिओ पळून तिकडे गेला, आईनं तुला त्याच्यामागे धाडलं, आणि तू त्याला संपवून आपलं काम केलंस. तुझा तो दाढी केलेला फोटो आला त्या दिवशी आई दोन वर्षांनी पोटभर जेवली. तो अजून तिच्या क्रूसाखाली लावलेला आहे.

जिवाला जप आणि या म्हातारीची आठवण राहू दे.
तुझी
ताई


नुएवा कोर्वा
२४ मार्च १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आता एका दमात लिहितो. अंतोनिओ पेन्या म्हणजे नुंझिओ लापेन्ना. मी त्याला मारलेलं नाही.

मला तो १९३१च्या फेब्रुवारीत सापडला, इथल्याच खाणीत, नाव बदललेला. नऊ दिवस मी त्याच्या मागावर होतो. दहाव्या दिवशी दुपारी बाकीचे जेवायला सावलीत गेले आणि तो एकटाच खडकात सुरुंगाचं भोक पाडत बसला होता. मी पहारीनं पहिला घाव गुडघ्यावर घातला. ओलं लाकूड पिळल्यावर जसा आवाज येतो तसं ते हाड वाजलं. दुसरा खांद्यावर. तो उताणा पडला, आणि मी तिसऱ्यासाठी पहार डोक्यावर उचलली. त्यानं मला ओळखलं होतं. दयामाया मागितली नाही. एवढंच म्हणाला, "मार, पण तोंडावर नको. आईला माझं तोंड आठवू दे."

ताई, मी पहार बाजूला फेकली. आपल्या दादाचं तोंड शवपेटीत झाकून ठेवलं होतं, आईला पाहू दिलं नव्हतं, ते मला आठवलं. मग त्याला पाठीवर घेऊन खाली नेलं आणि दगड पडला म्हणून सांगितलं. चाळीस दिवस मी त्याला चमच्यानं सूप पाजलं, आणि दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी तोच म्हणाला की त्याला मेलेला समजावं. नाव तर गेलंच होतं, लिहिता त्याला येत नव्हतं, घरी पत्र जाण्याचा प्रश्न नव्हता. तो मेला म्हणजे आपली आई शांत झोपेल आणि माझे हात स्वच्छ राहतील. खून झालेल्या घरातला पुरुष सूड घेईपर्यंत दाढी करत नाही, हा आपला रिवाज. मी न्हाव्याकडे गेलो, दोन वर्षांची दाढी उतरवली आणि फोटो काढून पाठवला. सोबत अक्षरही लिहिलं नाही. वाटलं, वस्तऱ्यानं बोललेलं खोटं हे काही खोटं नव्हे. वीस वर्षांच्या माणसाला काहीही वाटतं.

तेव्हापासून आमच्या दोघांच्या परसांमध्ये एक कुंपण आहे आणि त्याला एक फाटक. त्याच्या चारही मुलांना मी काका. त्याला मरण्याआधी आईची कबर पाहायची आहे आणि बियाजिओला भेटायचं आहे. तो तुझ्या छपराखाली झोपणार, म्हणून तुला हे कळायला हवं. नको असेल तर नाही म्हण.

रागाव, पण तोडू नकोस.
तुझा
चेलेस्तीनो


पिएत्राकोर्वा
१४ एप्रिल १९८७

चि. चेलेस्तीनो यास,
आशीर्वाद. सवयीनं लिहिते.

तुझा फोटो आला तेव्हा जून संपत आला होता. आईनं त्याचे मुके घेतले, पेटी उघडली, रोक्कोचा सदरा काढला. रक्तानं तो पत्र्यासारखा ताठ झाला होता. तिनं राखेच्या पाण्यात तो तीनदा धुतला, पाणी तीनदा तांबडं झालं, आणि मग तो सज्जात दोरीवर वाळत घातला. सगळ्या गल्लीनं पाहिला. समोर नुंझिओच्या आईनंही पाहिला. असा सदरा बाहेर आला म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं नखांनी स्वतःचे गाल फाडले.

तुम्ही दोघं शहाणे! नुंझिओ मेला की सगळं मिटलं, असं ठरवून मोकळे झालात. पण तो मेला म्हटल्यावर सुडाची पाळी कुणाकडे गेली, हे तुम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही?

बाबांच्या अंगावर भिंत पडली नव्हती. ते मी तुला खोटं लिहिलं. सदरा वाळल्यावर बाराव्या दिवशी बाबा खळ्यावर गहू झोडत होते आणि मी भाकरी घेऊन निघाले होते. बियाजिओ लापेन्ना मागून आला आणि त्यानं पेंढ्या उचलायचा लोखंडी काटा बाबांच्या पाठीत घातला. तीन दाते पोटातून बाहेर निघून पेंढीत रुतले. मी पोचले तेव्हा बाबा जिवंत होते. दोन्ही हातांनी ते दाते धरून होते, जणू कुणी चोरून नेईल. बियाजिओनं त्यांच्या कमरेवर पाय दिला आणि काटा उपसला. मग तो बांधावर जाऊन शिपायांची वाट बघत बसला. तो गहू आम्ही जाळून टाकला.

बावीस वर्षं तो तुरुंगात होता. त्याचं लग्न ठरलेल्या मुलीनं दुसरं घर केलं. त्रेपन्न साली सुटून आला तेव्हा डोकं पांढरंशुभ्र होतं. तुला खरं लिहिलं असतं तर तू परत आला असतास, आणि मग तुलाही पुरावं लागलं असतं. म्हणून भिंत पाडली.

म्हणजे ज्याच्या मरणापायी बाबा गेले, तो तुझ्या हातचं सूप पीत होता.

तुझं पत्र पोस्टमननं साव्हेरिओच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं. ओरडला नाही, त्याचीच मला भीती वाटते. त्या दिवसापासून त्यानं दाढी केलेली नाही. बाबांचा द्राक्षाचे वेल छाटायचा कोयता माळ्यावरून काढून तेल लावून ठेवलाय. नुंझिओला पाठवू नकोस. मला त्या म्हाताऱ्याचं काही नाही, त्याचा एक पाय थडग्यात आहेच. माझा नातू खुनी व्हायला नको, एवढंच मला हवंय. या घरात मी पुष्कळ सदरे धुतले.

ताई


नुएवा कोर्वा
६ मे १९८७

ती. ताईस,
तुझ्या पायांशी चेलेस्तीनोचा नमस्कार.

बाबांचं वाचलं. सहा वर्षांचा असताना बाबा मला खळ्यावर नेत, गव्हाच्या राशीवर बसवत आणि शाळेतलं पाठ केलेलं सगळं म्हणून घेत. त्यांना एक अक्षर येत नव्हतं, पण मी कुठे अडखळलो ते बरोबर कळायचं. त्याच खळ्यावर. आणि मी इकडे न्हाव्याच्या खुर्चीत बसून आरशात बघत होतो.

नुंझिओला सांगावंच लागलं. त्यानं परसातल्या भिंतीवर कपाळ आपटायला सुरुवात केली. चार मुलांनी ओढून धरेपर्यंत भिंत लाल झाली होती. सात टाके पडले. मला वाटलं, आता जायचं नाव काढणार नाही. उलट हट्टालाच पेटला. म्हणतो, आता तर गेलंच पाहिजे, फिलोमेनाच्या पायांवर पडायचं आहे. पोराला माझं डोकं हवं असेल तर ते तसंही फुटलेलंच आहे. तिकीट काढलंय. मी थांबवू शकत नाही.

ताई, रात्रंदिवस विचार करून मला एक सुचलंय. तू बियाजिओला आधी सांग. ज्या भावासाठी त्यानं आयुष्य जाळलं, तो जिवंत आहे! ऐंशी ओलांडलेल्या वाळक्या खोडाला पालवी फुटेल गं. भर चौकात, संतासमोर, तो भावाला मिठी मारेल, आणि भावाच्या मिठीतल्या माणसावर कोण हात उगारील? साव्हेरिओसुद्धा नाही. तेवढा दिवस तू फक्त पोराला धरून ठेव.

मी कवितेत बाबांसाठी एक कडवं वाढवलंय. पोट्टं असताना जसं तुझ्या झग्याआड लपायचो, तसंच हे पत्र तुझ्याकडे पाठवतोय.
तुझा
चेलेस्तीनो


पिएत्राकोर्वा
१५ जून १९८७, दुपार

चि. चेलेस्तीनो यास,
अ. उ. आ.

आज तुला खरे आशीर्वाद देते.

मागच्या रविवारी कंबर कसली आणि छपन्न वर्षांनी गल्ली ओलांडली. बियाजिओ उंबऱ्यात बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: पहार, सूप, फोटो, सगळं. तो ऐकत राहिला, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. शेवटी त्यानं विचारलं की नुंझिओनं लग्न केलं का. मी म्हटलं, केलं, चार मुलगे, अकरा नातवंडं. घर स्वतःचं आहे का, म्हणाला. म्हटलं, घर आहे, मागे द्राक्षाचा मळा आहे. झोप लागते का त्याला, म्हणाला. मी म्हटलं, चेलेस्तीनो लिहितो की शेजारी जागे राहतात एवढा घोरतो. तेव्हा तो हसला. त्याला हसताना मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिलं. जाताना त्यानं मला परसातली पहिली अंजिरं दिली, पानात बांधून.

नुंझिओ परवा आला. नाकावरून ओळखलं. दारातच गुडघे टेकायला गेला, पण तू मोडलेला तो गुडघा वाकेना. अर्धवट वाकून लटकत राहिला. मी त्याच्या थोबाडीत दिली, गल्लीभर ऐकू जाईल अशी. मग त्याला सरळ करायला हातही मलाच द्यावा लागला. जेवायला वाढलं. पत्त्यांत लबाडी करतो, हे खरं आहे.

साव्हेरिओशी मी दोन दिवस झगडले. आपल्या छपराखालच्या पाहुण्याला हात लावणार नाही, पण चौकात गाठीन, म्हणाला. त्याचे सगळे बूट बकरीच्या गोठ्यात लपवले. तो म्हणाला, अनवाणी जाईन. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि सांगितलं की जायचंच असेल तर कोयत्याची सुरुवात आजीपासून कर. तो बसला. अजून माझ्यासमोर टेबलाशी बसलाय, दोन महिन्यांची दाढी आणि लाल डोळे.

आणि सकाळी दहाला, चेलेस्तीनो, तू म्हणालास तसंच झालं! नुंझिओनं हातात फुलं घेतली आणि लंगडत समोर गेला. मी साव्हेरिओचा दंड धरून त्याला खिडकीशी उभं केलं. बियाजिओनं दार उघडलं, आणि दोन्ही हात पसरून त्याला छातीशी धरलं. दोन म्हातारे, एकमेकांच्या कोटात तोंड खुपसून. थोड्या वेळानं साव्हेरिओनं कमरेचा कोयता काढून टेबलावर ठेवला. मी तो भाकरीच्या फडक्याखाली सरकवला.

दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून चौकात गेलेत. सह्या झाल्या असतील. बँड वाजतोय, तुझ्या कवितेची वेळ होत आली. आयुष्यभर तुला वेडा म्हणत आले, आज एक दिवस तो शब्द मागे घेते. उद्यापासून पुन्हा म्हणेन.

आईच्या पोटचे आपण दोघंच उरलो, तेव्हा लिहीत राहा.
तुझी
ताई

ता. क.
पाकिटाला गोंद लावत होते. बँड मधेच थांबला. वाटलं, आता तुझी कविता वाचतील. एक बाई किंचाळली, मग पुष्कळ, मग खुर्च्या पडल्याचा धडधडाट, आणि मग काहीच नाही. साव्हेरिओ आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. तो तर माझ्यासमोरच बसला होता.

दारावर थाप पडली. मी उघडलं.

बियाजिओ लापेन्ना उभा होता. अंगात सणाचा काळा कोट, डाव्या हातात टोपी. काळ्या कापडावर लाल दिसत नाही, पण उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती आणि माझ्या उंबऱ्यावर टपटप गळत होती. मागे गल्ली रिकामी, त्याच्यामागे कुणी धावत आलं नव्हतं. शेजारणीकडे मीठ मागावं तशा आवाजात तो म्हणाला,

"फिलोमेना, तुझ्या बापाला मी मारलं ते माझा भाऊ मेला म्हणून. तो मेलाच नव्हता. आता मेलाय."

मला दार लावायचं सुचलं नाही. माझ्या मागून साव्हेरिओ उठला, अनवाणीच पुढे आला, आणि त्यानं त्याला बसायला खुर्ची दिली.